शेवटच्या पाच मिनिटांचा हिशेब मागितला, तर मी एफसी गोवाचा राहत नाही का?

बांदा_ते_फातोर्डा | ८ एप्रिल २०२५

रविवारपासून धड झोप नाही, म्हणून इथे लिहितोय.

मी सावंतवाडीचा. मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. एफसी गोवाच्या फुटबॉलच्या वर्षाला सात-आठ मॅच मडगावच्या फातोर्डा स्टेडियमला जाऊन बघतो, टीव्हीवर नाही. साडेसातची मॅच असली की तीनला शटर ओढायचं, दोस्ताला मागे बसवायचं आणि बांदा, पात्रादेवी, म्हापसा, झुआरीचा पूल करत मडगाव गाठायचं. परत घरी पोचेपर्यंत रात्रीचा एक वाजतो आणि सकाळी नऊला दुकान उघडावंच लागतं. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. पुढे जे घडलं ते कळावं म्हणून सांगतोय.

परवाची आयएसएलची (इंडियन सुपर लीग) सेमीफायनल तुम्ही सगळ्यांनी पाहिली असेल. पहिली मॅच आपण बेंगळुरू एफसीशी त्यांच्या घरी ०-२ हरून आलो होतो आणि निकाल दोन्ही मॅचचे गोल मिळून लागणार होता. दुसरा हाफ सुरू होतो न होतो तोच आपल्या बोर्हाचा गोल. मग चाळीस मिनिटं नुसता धडधडाट. ८८ व्या मिनिटाला सादिकूने मारला आणि एकूण स्कोर २-२. माझ्या शेजारी पन्नाशीचे एक गृहस्थ होते, ओळख ना पाळख. त्यांनी मला असं आवळलं की माझा चष्मा त्यांच्या खांद्यावर वाकला. तो वाकलेला चष्मा मी नीट करत होतो, म्हणून पुढचं मला फक्त ऐकू आलं. म्हणजे काहीच ऐकू आलं नाही. एवढं भरलेलं स्टेडियम एका क्षणात गप्प झालं. वर पाहिलं तर बेंगळुरूचा सुनील छेत्री धावत होता. ९० अधिक २. हेडर, डोक्याने मारलेला गोल. सगळं संपलं.

येताना म्हापशाच्या पुढे चहाला थांबलो. मी दोस्ताला एवढंच म्हटलं की गेल्या वर्षी सेमीफायनलला मुंबई सिटीविरुद्ध ह्याच मैदानावर नव्वदाव्या मिनिटापर्यंत २-० पुढे होतो आणि २-३ हरलो. यंदा पुन्हा शेवटच्या मिनिटांत गेलं. दोन्ही वेळेला कोच एकच, मानोलो मार्केझ. शिवाय ह्या सीझनला ते भारताचेही कोच आहेत. तर ह्या गोष्टीवर कुणी बोलायचं की नाही?

दोस्ताने ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, "तुका मानोलो नको तर मुंबईची जर्सी घाल जा." मला वाटलं रागाच्या भरात बोलला. पण रात्रीच त्याने आमच्या ग्रुपवर टाकलं की ह्याला हरल्यावरच तोंड फुटतं. सकाळी उठून पाहतो तर मला ग्रुपमधून काढलेलं. ज्याला सात वर्षं मागच्या सीटवर बसवून नेला, त्याने काढलं.

मला मानोलो जायला नको आहेत. खरंच नको आहेत. पण प्रश्न विचारला की माणूस फितूर होतो का? जुन्या लोकांनी सांगावं.

---

नारिंगी_फोंडा | ८ एप्रिल

तुझ्या दोस्ताने ग्रुपमधून काढलं ते चुकलं, हे आधी सांगतो. पण त्याचा राग मला समजतो.

आठवण करून देतो. २०२१-२२ ला आपण नववे होतो. २०२२-२३ ला सातवे, प्लेऑफसुद्धा नाही. तेव्हा स्टँडमध्ये पाय पसरून बसता यायचं एवढी जागा असायची. मानोलो आले आणि पहिल्याच वर्षी ४५ गुण, तिसरा नंबर. यंदा ४८ गुण, दुसरा नंबर, पुढे फक्त मोहन बागान. ज्याने टीमला नवव्यावरून दुसऱ्यावर आणलं त्याला दोन मॅचच्या शेवटच्या काही मिनिटांवर तोलायचं, हे मला पटत नाही.

आणि हा तोच माणूस आहे ज्याने २०२२ मध्ये फातोर्ड्यावरच हैदराबादला फायनल जिंकून दिली, तीही केरळ ब्लास्टर्सच्या प्रेक्षकांच्या पिवळ्या समुद्रासमोर. दडपण काय असतं ते त्याला आपण शिकवायचं?

हरलेल्या रात्री गप्प राहावं. बोलायचं ते आठ दिवसांनी.

---

मिडफिल्ड_मळा | ९ एप्रिल

आठ दिवसांनी कोण ऐकतं? आणि गुणांचे आकडे मलाही पाठ आहेत. प्रश्न तो नाहीच.

एकाच माणसाकडे क्लब आणि देश दोन्ही देणं मला जुलैपासूनच खटकत होतं. मार्चमध्ये शिलाँगला मालदीवविरुद्ध ३-० जिंकलो आणि २५ तारखेला बांगलादेशशी ०-० सुटलो. मॅचनंतर मानोलोंचा चेहरा पाहिलात का? माणूस आतून पेटलेला दिसत होता. तिथून आठ दिवसांत बेंगळुरूला आपली सेमीफायनल. हा माणूस झोपला कधी, व्हिडिओ पाहिले कधी?

आणि जे कुणी बोलत नाही ते बोलतो. छेत्रीला निवृत्तीतून परत कुणी आणलं? मानोलोंनीच. मालदीवविरुद्ध त्याने गोल केला, आत्मविश्वास परत आला, आणि अठरा दिवसांनी त्याच डोक्याने आपलं घर उन्हात आणलं. देशाचा कोच म्हणून मानोलोंनी योग्यच केलं असेल. आपला कोच म्हणून? ह्या दोन प्रश्नांची उत्तरं एकाच माणसाला द्यावी लागतात, हीच अडचण आहे. त्यात त्याचा दोष कमी आणि ज्यांनी त्याला ह्या दोन होड्यांवर उभा केला त्यांचा जास्त.

---

फातोर्डा_८९ | ९ एप्रिल

बाळा, तू "जुन्या लोकांनी सांगावं" लिहिलंस म्हणून लिहितो. मी मडगावचा. १९८९ मध्ये हे स्टेडियम झालं तेव्हापासून तिथे जातो. आधी साळगावकर, मग धेंपो, हे गोव्याचे जुने क्लब, आता एफसी गोवा.

दोन कामांचं आधी संपवतो. गोव्याला हे नवीन नाही. २०११ मध्ये आर्मांद कुलासो धेंपोचे कोच असतानाच काही महिने भारताचेही कोच होते. त्याच मोसमात, २०११-१२ ला, धेंपोने आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशाची मुख्य लीग, जिंकली. त्यांचं ते पाचवं राष्ट्रीय विजेतेपद. तेव्हा दोन होड्या म्हटलं की टीम बुडतेच असं मी म्हणणार नाही. आणि पाच विजेतेपदं मिळवणाऱ्या ह्याच आर्मांदना आमच्या बाकावर किती शिव्या पडत, ते मी लिहू शकत नाही. चर्चिल ब्रदर्सशी बरोबरी झाली की हाफटाइमला रस-ऑम्लेटच्या गाड्यावर त्यांची चामडी सोलली जायची. पाव रशात बुडवायचा, एक घास खायचा, कोचला नावं ठेवायची, पुन्हा बुडवायचा. पुढच्या मॅचला तीच माणसं, तेच बाक. कुणी कुणाला तू धेंपोचा नाहीस असं म्हटल्याचं मला आठवत नाही. टीका हा मॅचचाच भाग होता. तिकिटाच्या पैशात तीही यायची.

मग बदललं काय? मला वाटतं, बाहेर काढण्याची भाषा आली. नावं ठेवणं वेगळं आणि हाकला म्हणणं वेगळं. आणि इथे मला माझं एक सांगायचं आहे.

सेर्जिओ लोबेरा, आपले तेव्हाचे कोच. २०१९ ची फायनल आपण मुंबईत बेंगळुरूशी हरलो, ११७ व्या मिनिटाला, भेकेच्या हेडरवर. (हेडर आणि आपण, काय लिहिलंय नशिबात कोण जाणे.) महिनाभरात त्याच लोबेराने सुपर कप आणून दिला, तरी माझं मन भरलं नाही. पुढचा सगळा मोसम मी म्हणत होतो की ह्याला मोठी मॅच जिंकता येत नाही, दुसरा कुणीतरी बघा. बाकावर म्हणत होतो, घरी जेवताना म्हणत होतो. बायको म्हणायची, अहो टीम पहिल्या नंबरावर आहे ना? मी म्हणायचो, तुला त्यातलं कळत नाही.

२०२० च्या जानेवारीअखेर लोबेराला काढलं. लीगच्या तीन मॅच उरल्या होत्या आणि आपण टेबलात वर होतो. सकाळी बातमी वाचली आणि पहिल्यांदा मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगतो. बरं वाटलं. दुपारपर्यंत ते बरं वाटणं गेलं. संध्याकाळी मी स्टेडियमवरून चालत गेलो, गेट बंद होतं, आणि आपण काय मागितलं होतं ते मला तिथे उभं राहून कळलं.

क्लिफर्ड मिरांडाने कोच म्हणून उरलेलं निभावलं, आपल्या गोव्याचा पोरगा. जमशेदपूरला ५-० हरवून लीगमध्ये पहिलं येणाऱ्याची शील्ड आली, आशियाच्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात जाणारा पहिला भारतीय क्लब म्हणून नाव झालं. त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण सेमीफायनलला चेन्नईत १-४ झालं आणि फातोर्ड्यावर ४-२ जिंकूनही बाहेर पडलो. मग लोबेरा मुंबई सिटीला गेला. त्याच्यामागून आपले खेळाडू गेले, जाहू गेला, फॉल गेला, बूमूस गेला, आमचा मंदार रावदेसाईही गेला. पुढच्याच वर्षी सेमीफायनलला त्यांनीच आपल्याला पेनल्टीवर बाहेर काढलं, बांबोळीला.

म्हणून तुला सांगतो. तू प्रश्न विचारलास, हाकला म्हटलं नाहीस. तू कुठेही चुकलेला नाहीस. मी चुकलो होतो.

आता तुझ्या प्रश्नाबद्दल. ह्या मैदानावर शेवटच्या मिनिटांत गेलेल्या तू दोन मॅच मोजल्यास. मी तीन मोजतो. २० डिसेंबर २०१५, आयएसएलची फायनल, चेन्नईयनविरुद्ध. तेव्हा कोच झिको होते. मी मुलाला घेऊन गेलो होतो, तो चौदा वर्षांचा होता. ८७ व्या मिनिटाला आपल्या जोफ्रेने फ्री किक मारली आणि २-१ झालं. समोरच्या रांगेतल्या पोरांनी ढोल डोक्यावर घेतला. मग ९० व्या मिनिटाला आपलाच स्वयंगोल, आणि लगेच त्यांच्या मेंडोझाचा गोल. २-३. ढोल अजून त्या पोराच्या डोक्यावरच होता, खाली घ्यायचं भान राहिलं नव्हतं. माझा मुलगा पार्किंगपर्यंत एक शब्द बोलला नाही.

तीन मॅच, दोन कोच, दहा वर्षं आणि मैदान एकच. मग हा प्रश्न फक्त मानोलोंना कसा विचारणार? परवा सादिकूचा गोल झाल्यावर आपला स्टँड काय ओरडत होता, आठव. मी सांगतो, कारण मीही ओरडत होतो. "आनीक एक! आनीक एक!" बेंगळुरूचा बॉल सेंटरला ठेवला जात होता आणि हजारो माणसं आपल्या पोरांना सांगत होती, पुढे जा. समोर वीस-बावीस वर्षांची पोरं आहेत. त्या गर्जनेत कोचची हाक ऐकू जाईल काय? चार मिनिटं बॉल कोपऱ्यात नेऊन ठेवायचा होता. तो खेळ आपल्याला आवडत नाही. गोयंकाराला बॉल मागे दिलेला चालत नाही, लगेच हूट करतो.

मानोलोंना जरूर विचार की शेवटची पाच मिनिटं सरावात कशी घेता. तो प्रश्न रास्तच आहे. पण स्टँडनेही थोडं शिकायला हवं, एवढं माझं म्हणणं.

---

अंधेरी_निळा | १० एप्रिल

मुंबई सिटीचा आहे, मूळ गाव काणकोण. शिव्या देऊ नका.

काकांनी लिहिलं ते आमच्या बाजूने सांगतो. लोबेरा आला आणि एका मोसमात शील्ड आणि कप दोन्ही. फायनल तुमच्याच फातोर्ड्यावर, आमच्या बिपिनचा ९० व्या मिनिटाचा गोल. माझे आजोबा काणकोणला टीव्हीसमोर बसून रडले, कारण त्यांना ती गोव्याची टीम वाटत होती. जाहू, फॉल, मंदार. मला फोन करून म्हणाले, आमची माणसं, तुमचे कपडे.

पण आमच्याकडेही सगळं गोड नाही. आमचे कोच बकिंगहॅम मधेच इंग्लंडच्या ऑक्सफर्डला गेले, त्यांच्या जागी क्रॅट्की आले आणि पाच महिन्यांत कप जिंकला. त्याच क्रॅट्कींना यंदा मार्चअखेर बेंगळुरूने ५-० धुतलं तेव्हा आमच्या स्टँडातले लोक काय काय बोलले! ह्याच माणसाला वर्षापूर्वी खांद्यावर घेतला होता. तुमचा आधीचा कोच फेरांदो भर मोसमात मोहन बागानला गेला तेव्हा तुम्हालाही कळलंच असेल की कोच आपला नसतो, त्याचा करार असतो. त्यात वाईट काही नाही, त्याचं पोट आहे. फक्त मग त्याच्यावरून सात वर्षांचा दोस्त तोडू नये.

---

नारिंगी_फोंडा | १० एप्रिल

फेरांदोचं नाव काढलंस म्हणून सांगतो. त्याने ड्युरंड कप जिंकून दिला, कतारच्या अल रय्यानसारख्या टीमला ०-० रोखलं, आणि डिसेंबरात सामान उचललं. त्या दिवशी मी ठरवलं होतं की ह्यापुढे कुठल्याही कोचवर जीव लावायचा नाही. मानोलोंवर लावला. काका, तुमचं "आनीक एक" वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. मीही ओरडत होतो.

---

बांदा_ते_फातोर्डा | ११ एप्रिल

सगळ्यांचे आभार. काका, तुम्ही कुठल्या स्टँडला बसता? मला आवळणारे गृहस्थ तुम्हीच नव्हे ना? चष्मा अजून वाकडाच आहे, दुरुस्त करायला मन होत नाही.

"आनीक एक" मीही ओरडत होतो. मालवणीत, पण तेच. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मोटर दुरुस्तीला आली की मी आधी गिऱ्हाईकाला विचारतो, व्होल्टेज किती येतं तुमच्याकडे? कारण बऱ्याचदा दोष मोटरमध्ये नसतो, लाइनमध्ये असतो. तिथे विचारतो, इथे विचारलं नाही.

तरी माझा प्रश्न मी मागे घेत नाही. २-० पुढे असताना सहा-सात मिनिटांत तीन गोल खाल्ले, हे स्टँडने नाही केलं. त्याचं उत्तर कोचनेच द्यायचं.

फातोर्डा_८९ | ११ एप्रिल

मागे घेऊच नकोस. मी पूर्व बाजूला खाली बसतो, पण परवा मी कुणाला आवळलं नाही. मी बायकोला फोन लावत होतो.

---

बांदा_ते_फातोर्डा | ४ मे २०२५

कुणी वाचत असेल तर.

काल भुवनेश्वरला सुपर कप जिंकलो. जमशेदपूर ३-०. बोर्हाचे दोन, ड्राझिचचा एक. सेमीफायनलला मोहन बागानला ३-१ हरवलं, त्यांनी बरीच नवी पोरं पाठवली होती हे खरं, पण त्याला आपण काय करणार. आता पुन्हा आशियात खेळायला मिळणार.

दुकानात एकटाच बसून मोबाइलवर पाहिली. समोर एका माडाच्या बागायतदाराची मोटर उघडी पडलेली, हातात तांब्याची तार. तिसरा गोल झाला तेव्हा तिचा सगळा गुंडाळा सुटला, पहाटेपर्यंत नव्याने वेटोळी भरत बसलो. काका, एक गोष्ट मुद्दाम पाहिली. तिसऱ्या गोलनंतर आपली पोरं बॉल फिरवत होती. मागे, बाजूला, पुन्हा मागे. घाई नाही. ही मानोलोंनी पढवलेली गोष्ट असेल की समोर दमलेली टीम होती म्हणून, ते सांगता येत नाही. पण मला ते बघून फार बरं वाटलं.

साडेदहाला दोस्ताचा फोन आला. महिनाभरात पहिला. दोघंही आधी काही बोललो नाही. मग तो म्हणाला, "तुझो प्रश्न आसा काय अजून?"

मी म्हटलं, "आसा."

म्हणाला, "बरा. फातोर्ड्याक पुढची मॅच कधी आसा ता बघ. पेट्रोल माझा."